सिगरेटवाल्यांनी जीन टेस्टचा रिपोर्ट कसा वाचायचा

परवा रंकाळ्याच्या कट्ट्यावर आमचा एक दोस्त मोबाईलवर डीएनए रिपोर्ट दाखवायला लागला, थुंकी पाठवून घरबसल्या केलेला, त्यात लंग कॅन्सरची रिस्क 'नॉर्मल' आलेली म्हणून गडी खुशीत आणि लगेच एक पेटवली पण. भावा, असं नसतंय!

रिपोर्ट आधी बाजूला ठेवा, कागद-पेन घ्या. दिवसाच्या सिगरेटी भागिले २०, गुणिले जितकी वर्षं ओढली ती, हे झालं तुमचं पॅक-इयर. रोज १० आणि ३० वर्षं म्हणजे १५. आकडा बायकोला विचारून लिहा, आपण कमीच सांगतो. मग आई-वडील, भावंडं यांच्यात कुणाला फुफ्फुसाचा कॅन्सर झालता का बघा, असेल तर धोका साधारण दीड ते दोन पट धरतात. सीओपीडी, म्हणजे दम लागणारा फुफ्फुसाचा जुनाट आजार असेल तर तेही लिहा.

आता रिपोर्ट उघडा. त्यात सीएचआरएनए५ (CHRNA5) नावाचा जीन शोधा, १५ व्या क्रोमोसोमवरचा, २००८ साली संशोधकांना लंग कॅन्सरशी त्याचा संबंध सापडला. हा निकोटिन जिथं चिकटतं त्या रिसेप्टरचा जीन, त्यामुळं धोक्याची कॉपी असलेला माणूस जास्त ओढतो आणि त्याला सोडायलाही जड जातं. एका कॉपीनं धोका साधारण ३० टक्के वाढतो. आणि सिगरेटनं? १५ ते ३० पट! म्हणजे जीन 'चांगला' आला तरी मोठा आकडा तुमच्या खिशातल्या पाकिटातच हाय.

आणखी एक घोळ, ईजीएफआर आणि केआरएएस या जीनमधले बदल. नेटवर वाचून लोक लॅबमध्ये जाऊन हीच टेस्ट मागतात, पण हे बदल बहुतेक वेळा जन्मतः नसतात, कॅन्सरच्या गाठीत झालेले असतात, कॅन्सर सापडल्यावर औषध ठरवायला बघतात. धडधाकट माणसाला त्याचा उपयोग नाही.

वय ५० ते ८०, पॅक-इयर २० किंवा जास्त, आणि अजून ओढताय किंवा सोडून १५ वर्षं झाली नाहीत, तर अमेरिकेत दरवर्षी लो-डोस सीटी, म्हणजे कमी रेडिएशनचा छातीचा स्कॅन सांगतात. साध्या एक्स-रेवर भागवू नका. फक्त आपल्याकडं जुन्या टीबीचे डाग पण सीटीत दिसतात आणि कॅन्सरसारखे वाटू शकतात, म्हणून स्कॅन छातीच्या डॉक्टरला विचारूनच. खोकल्यातून रक्त आलं तर मात्र हिशोब करत बसायचं नाही, तडक जायचं. सोडायला मदत पाहिजे तर पाकिटावरच नंबर असतो, १८००-११-२३५६.

दोस्ताचा हिशोब तिथंच केला, वय ५२, रोज १६, ३० वर्षं, म्हणजे २४. सोमवारी डॉक्टरकडं जाऊया म्हटलं तर म्हणतोय, "शनिवारी चालंल काय?"