प्रोटीन किती, साखर किती: कच्च्या शिध्यावरून मांडलेला हिशोब

वजन उतरवायचं ठरवलं की लोक बंदी घालायला सुरुवात करतात. भात बंद, बटाटा बंद, केळं बंद, रात्रीचं जेवणच बंद. मी म्हणते, आधी दोन आकडे ठरवा. प्रोटीन रोज इतक्या ग्रॅमच्या खाली जाऊ द्यायचं नाही आणि साखर इतक्या ग्रॅमच्या वर जाऊ द्यायची नाही. एक किमान, एक कमाल. हे दोन सांभाळले की ताटातलं बाकीचं बरंचसं आपोआप जागेवर येतं.

मी कोल्हापुरात खानावळ चालवते. रोज सकाळी शिधा काट्यावर वजन करून काढायचा, किती ताटं झाली ते वहीत लिहायचं, ही सवय वीसेक वर्षांची. त्यामुळे आहारतज्ज्ञ बाईंनी ग्रॅममध्ये बोलायला सुरुवात केली तेव्हा मला त्यांची भाषा लगेच कळली. घरातल्यांना मात्र हाच भाग अवघड जातो, म्हणून सावकाश सांगते.

प्रोटीनपासून धरू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली निरोगी प्रौढ माणसासाठी वजनाच्या किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रोटीन सांगितलं आहे. हे वजन आहे तसं ठेवणाऱ्यांसाठी. खाणं कमी केलं की शरीर चरबीबरोबर स्नायूही मोडायला लागतं. ते कमीत कमी व्हावं आणि पोट जास्त वेळ भरलेलं राहावं म्हणून वजन उतरवताना किलोमागे १.२ ग्रॅमच्या आसपास धरतात. जिममध्ये वजनं उचलणारे १.६ पर्यंत जातात.

पण किलो कुठले धरायचे? नव्वद किलोच्या बाईने नव्वदला गुणलं तर आकडा उगाच फुगतो, कारण वाढलेल्या चरबीला एवढं प्रोटीन लागत नाही. उंचीवरून काढा. उंची मीटरमध्ये घ्या, तिला तिनेच गुणा, मग २३ ने गुणा. बीएमआय म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. आपल्याकडे २३ च्या वरचा बीएमआय जादा वजनात धरतात म्हणून २३. माझी उंची १५८ सेंटीमीटर. १.५८ गुणिले १.५८ म्हणजे साधारण २.५, गुणिले २३ म्हणजे साडेसत्तावन्न किलो. त्याला १.२ ने गुणलं की ६९. मी ७० धरते. वजन उतरत गेलं तरी हा आकडा बदलत नाही, कारण तो उंचीला बांधलेला आहे.

आता हे ७० ग्रॅम ताटात शोधायचे. इथे सगळ्यांची फसगत वाटीने होते. ‘मी रोज डाळ खाते की!’ असं प्रत्येक जण सांगतो. कुठली डाळ? एक किलो तूरडाळीत साधारण २२० ग्रॅम प्रोटीन असतं. खानावळीत त्या किलोचं पातळ वरण चाळीस वाट्या होतं. म्हणजे वाटीला पंचवीस ग्रॅम डाळ आणि साडेपाच ग्रॅम प्रोटीन. घरी तीच डाळ घट्ट ठेवून वीस वाट्या केल्या तर वाटीला अकरा. वाटी तीच, प्रोटीन दुप्पट. म्हणून शिजलेली वाटी मोजू नका. घरात किती डाळ कुकरला लावली आणि किती जणांनी खाल्ली, एवढं बघा. स्वयंपाकघरातला साधा डिजिटल काटा यासाठी पुरतो, आणि पंधरा दिवसांत हाताला अंदाज येतो.

माझा साधारण दिवस असा. सकाळी दोन अंडी आणि एक ज्वारीची भाकरी: अंड्याचे बारा, भाकरीचे सहा. अंडं नको असेल त्या वारी साठ ग्रॅम मूगडाळ भिजवून वाटून घावन, त्याचे चौदा. दुपारी चाळीस ग्रॅम डाळीचं घट्ट वरण नऊ, तीस ग्रॅम मटकीची उसळ सात, दोन चपात्या सहा, वाटीभर दही पाच. संध्याकाळी मूठभर फुटाणे, सहा. रात्री ऐंशी ग्रॅम पनीर किंवा तीस ग्रॅम सोयाबीन वडी, दोन्हीचे चौदा-पंधरा, आणि एक भाकरी. बेरीज सत्तरच्या जरा वर जाते. पालेभाजी, काकडी, मुळा हे सगळं आहेच, त्याचं प्रोटीन मी मोजत नाही.

सोयाबीन वडीला लोक नाक मुरडतात. कोरड्या शंभर ग्रॅमला बावन्न ग्रॅम प्रोटीन आहे तिच्यात, आणि शाकाहारी माणसाला इतक्या स्वस्तात दुसरं काही मिळत नाही. गरम पाण्यात भिजवून दोनदा कडक पिळा, मग मटणाच्या मसाल्यात परता. वास जातो.

मटणाचं बोलायचं तर बुधवार, शुक्रवार, रविवार आमच्याकडे गर्दी असते आणि निम्मी गिऱ्हाइकं तांबडा-पांढरा रस्सा ओरपूनच उठतात. रस्सा ओरपा, त्यासाठीच तर येता. पण प्रोटीन फोडींत आहे. पांढऱ्यात नारळाच्या दुधाची चरबी आणि तांबड्यात तेल. हाड वगळून शंभर ग्रॅम कच्च्या मटणाला अठरा-वीस ग्रॅम धरा, चिकनला थोडं जास्त, बांगड्याला एकोणीसच्या आसपास. मिसळीचंही तसंच: खालच्या मटकीत माल आहे, वरच्या फरसाणात आणि कटात नाही. शेंगदाण्यात शंभर ग्रॅमला पंचवीस ग्रॅम प्रोटीन असतं हे खरं, पण त्याबरोबर साडेपाचशेच्या वर कॅलरी येतात. तेवढं प्रोटीन चार अंड्यांत तीनशे कॅलरीत मिळतं. म्हणून दाण्याचं कूट चवीपुरतं. आणि उपासाच्या साबुदाण्यात प्रोटीन जवळजवळ शून्य.

एकदम उसळी वाढवल्या तर पोट फुगतं. आठवड्याला थोडं वाढवा, कडधान्य रात्रभर भिजवून ते पाणी फेकून द्या. मूग आणि मटकी सोसतात, चवळी-छोल्यांना वेळ द्या.

आता साखर. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलेली मर्यादा अशी: दिवसाच्या कॅलरींच्या दहा टक्क्यांहून कमी, आणि जमल्यास पाच टक्के. दोन हजार कॅलरी खाणाऱ्याला पाच टक्के म्हणजे पंचवीस ग्रॅम. आपण वजन उतरवताना पंधराशेवर असू तर एकोणीस-वीस. मी वीस धरते. दुधातली आणि अख्ख्या फळातली साखर यात मोजायची नाही. मध, काकवी, फळांचा रस, उसाचा रस, गूळ, सगळं मोजायचं.

गूळही, हो. गुळाच्या गावात बसून हे बोलणं म्हणजे भांडण ओढवून घेणं आहे, पण शंभर ग्रॅम साखरेत चारशे कॅलरी आणि तेवढ्याच गुळात तीनशेऐंशीच्या आसपास, एवढाच फरक. वर गुळाची गोडी कमी म्हणून खडा मोठा पडतो. चवीसाठी गूळ घाला, वजनासाठी घालू नका.

तुमच्या घरात खरंच किती साखर जाते हे काढायची सोपी युक्ती वाण्याच्या बिलात आहे. महिन्याची साखर आणि गूळ एकत्र करा, माणसांनी भागा, तीसने भागा. चौघांच्या घरात पाच किलो साखर आणि एक किलो गूळ लागत असेल तर माणशी रोज पन्नास ग्रॅम. बाहेरची बिस्किटं, आइस्क्रीम, कोल्ड्रिंक अजून धरलीच नाहीत. कोल्ड्रिंकच्या तीनशे मिलीत तीस ग्रॅमच्या वर साखर असते, म्हणजे दिवस तिथेच संपला.

चहात बहुतेकांचा घोळ असतो. सपाट चमचा चार-पाच ग्रॅम, पण घरात कोण सपाट भरतं? दोन चमच्यांचे तीन चहा म्हणजे तीस ग्रॅम. एकदम बिनसाखरेचा चहा करू नका, चार दिवसांत सोडाल. अर्धा-अर्धा चमचा कमी करत जा. मी स्वतःची बरणी वेगळी ठेवते: सोमवारी सकाळी त्यात एकशेचाळीस ग्रॅम साखर, आठवड्याची. चहाची साखर त्यातूनच. कुठे पेढा-जिलबी खाल्ली की अंदाजाने तेवढी साखर बरणीतून काढून डब्यात परत. सणाची सोय आधी करायची. आमच्या पुरणपोळीत किलो डाळीला किलो गूळ जातो आणि तीसेक पोळ्या होतात, म्हणजे पोळीमागे तेहतीस ग्रॅम गूळ. होळीला दोन खायच्या असतील तर आधीचे तीन-चार दिवस बरणीला हात लावायचा नाही.

पाकिटावर ‘नो अ‍ॅडेड शुगर’ किंवा ‘हाय प्रोटीन’ मोठ्या अक्षरात असेल तर मागचा तक्ता वाचा. एकूण साखर आणि वरून घातलेली साखर वेगवेगळी छापलेली असते. प्रोटीन शंभर ग्रॅममागचं बघा. ‘प्रोटीन’ म्हणून विकलेल्या बिस्किटात ते आपल्या साध्या फुटाण्यांपेक्षा कमी निघतं, असं मी पुष्कळदा पाहिलं आहे.

ज्यांना मूत्रपिंडाचा त्रास आहे, रक्ततपासणीत क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कळतं तो आकडा) वाढलेलं आहे, त्यांनी प्रोटीन डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू नये. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर खाणं कमी करण्याआधी औषधाचं प्रमाण विचारून घ्या, नाहीतर रक्तातली साखर एकदम खाली जाते. गरोदर बायांनी हा हिशोब करूच नये.

डब्यावर राहणाऱ्या पोरांना शेवटचं सांगते. खानावळवाल्या मावशींना थेट सांगा: भात निम्मा, उसळ दुप्पट, वरणाची डाळ तळातून पळीभर. वर दोन उकडलेल्या अंड्यांचे पैसे वेगळे द्या. आम्ही कुरकुरतो, पण देतो.