वारेची सोनोग्राफी: करताना आणि रिपोर्ट वाचताना या चुका टाळा

पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘लो लाइंग प्लासेंटा’ असं लिहून आलं की घरात फर्मानं सुटतात. जिना चढू नकोस, वाकू नकोस, पडून राहा. खरं तर 18 ते 22 आठवड्यांत वार (प्लासेंटा) खाली दिसणं ही बरीच सामान्य गोष्ट आहे. त्यातल्या दहापैकी साधारण नऊ जणींची वार दिवस भरत येईपर्यंत पुरेशी वर गेलेली असते. ‘वर गेलेली’ हाही बोलण्यातलाच शब्द. वार जागची हलत नाही. गर्भपिशवीचा खालचा भाग नंतरच्या महिन्यांत ताणून लांब होतो आणि वारेची कड पिशवीच्या तोंडापासून दूर जाते. पडून राहिल्यानं या ताणण्याला काही मदत होत नाही.

कड गर्भाशयाच्या तोंडापासून 20 मिलिमीटरच्या आत असेल तर वार ‘खाली’ आणि तोंडावरच आली असेल तर ‘प्लासेंटा प्रीव्हिया’. म्हणून रिपोर्टमध्ये शेरा नको, अंतर हवं. ‘लो लाइंग’ एवढंच लिहिलं असेल तर किती मिलिमीटर, हे विचारा. पुन्हा बघायची वेळ साधारण 32 आठवड्यांची; तेव्हाही खालीच असेल तर 36 च्या सुमारास आणखी एकदा. पाचव्या महिन्यातल्या एका चित्रावरून सिझर ठरवणं घाईचं. मधल्या काळात रक्त गेलं तर मात्र पुढच्या तारखेची वाट न पाहता दवाखाना गाठायचा.

आता लघवी दाबून धरण्याबद्दल. पोटावरून बघताना मूत्राशय तुडुंब भरलेलं असेल तर ते पिशवीच्या खालच्या भागाला पुढून दाबतं. पुढची आणि मागची भिंत एकमेकींना टेकतात, गर्भाशयमुख आहे त्यापेक्षा लांब दिसतं आणि चांगली दूर असलेली वार पडद्यावर थेट तोंडावर बसल्यासारखी वाटते. हाच खेळ पिशवीचं आकुंचनही करतं: भिंतीचा एक भाग फुगून येतो आणि जाड वारेसारखा दिसतो. दोन्हींवरचा उपाय अगदी साधा आहे. लघवी करून यायचं, वीस-तीस मिनिटं थांबायचं, पुन्हा बघायचं. तरी शंका उरली तर आतून, म्हणजे योनीमार्गातून सोनोग्राफी. तिला अनेकजणी नाही म्हणतात. प्रोब (तपासणीचा दांडा) वारेला लागेल आणि रक्त जाईल, ही भीती. प्रोब गर्भाशयाच्या तोंडाच्या आत जातच नाही, योनीमार्गात अलीकडे थांबतो. वार खाली असतानाही ही तपासणी सुरक्षित आहे आणि पोटावरच्या तपासणीपेक्षा जास्त अचूक. शेवटच्या महिन्यांत मागच्या भिंतीवरची वार बाळाच्या डोक्याच्या सावलीत लपते, तेव्हा तर तिच्याशिवाय नीट दिसतच नाही.

‘अँटिरियर’ म्हणजे वार पुढच्या भिंतीवर आहे. हा दोष नाही. बाळाच्या लाथा थोड्या उशिरा किंवा मऊ जाणवतील, इतकंच.

‘ग्रेड थ्री’ वाचून ‘वार म्हातारी झाली’ म्हणून रडणाऱ्याही भेटतात. 1979 पासून चालत आलेली ही शून्य ते तीन अशी प्रतवारी मुख्यतः कॅल्शियमचे पांढरे ठिपके बघून करतात. 37 आठवड्यांनंतर ते दिसणं नेहमीचंच. तेच 32 आठवड्यांच्या आत दिसले, त्यातून रक्तदाब असेल किंवा धूम्रपान, तर बाळाची वाढ आणि डॉप्लर (रक्तप्रवाह मोजणारी सोनोग्राफी) बघायला हवं. निव्वळ ग्रेडवर निर्णय घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

डॉप्लरच्या चुका मशीनसमोर बसणाऱ्याच्या जास्त. नाळेतल्या रक्तवाहिनीचा पीआय (प्रवाहाला होणारा रोध दाखवणारा आकडा) आठवडे वाढतात तसा कमी होत जातो. तारीखच चुकली असेल तर बरोबर आकडाही चुकीच्या रकान्यात पडतो. म्हणून पहिल्या तिमाहीत बाळाच्या लांबीवरून ठरवलेली तारीखच धरायची. मोजमाप नाळेच्या मोकळ्या वेटोळ्यावर घ्यायचं, कारण बाळाच्या बाजूला रोध जास्त येतो आणि वारेच्या बाजूला कमी. बाळ श्वासाच्या हालचाली करत असेल तर थांबायचं. आणि वॉल फिल्टर, म्हणजे मंद हालचालींचे संकेत गाळणारी मशीनची सेटिंग! तो उंच ठेवला की आलेखाच्या तळाचा मंद प्रवाह कापला जातो आणि ‘शेवटचा प्रवाह नाही’ (दोन ठोक्यांच्या मधल्या विश्रांतीच्या शेवटी रक्त वाहतच नाही) असा घाबरवणारा निष्कर्ष निघतो. असं चित्र दिसलं की आधी फिल्टर खाली आणायचा, मग फोन उचलायचा. उलट बाजूनं, शेवटच्या आठवड्यांत नाळेचा डॉप्लर नॉर्मल असूनही वार कमी पडत असू शकते. तिथे बाळाच्या मेंदूतल्या रक्तवाहिनीचा प्रवाह आणि वाढीचा आलेख पाहावा लागतो.

वारेतली काळी तळी, म्हणजे रक्त साठलेल्या काळ्या दिसणाऱ्या जागा, बहुतेकदा निरुपद्रवी असतात. पण आधी सिझर झालंय, वार पुढे आणि खाली आहे, तळी पुष्कळ आणि वेडीवाकडी आहेत, तर वार जुन्या सिझरच्या व्रणात रुतल्याची शंका घ्यायची. प्रीव्हिया असताना हा धोका पहिलंच सिझर होत असताना सुमारे 3 टक्के, दुसरं होत असताना 11 आणि तिसरं होत असताना 40 टक्के आढळला आहे. म्हणून जुनी सिझरं, क्युरेटिंग, गाठींची ऑपरेशनं हे सगळं तपासणीआधीच सांगा. न विचारता सांगा. गंमत म्हणजे इथे मूत्राशय थोडं भरलेलं लागतं, नाहीतर त्याची आणि पिशवीची मधली रेषा दिसत नाही. एमआरआय ही पुढची पायरी: वार मागे असेल किंवा किती खोल गेलीय ते कळत नसेल तेव्हा. त्यात गॅडोलिनियमचं (चित्र ठळक करणाऱ्या औषधाचं) इंजेक्शन शक्यतो टाळतात, कारण ते वार ओलांडून बाळाकडे जातं.

सगळ्यात महाग पडणारी चूक बाळ जन्मण्याआधीच वार पिशवीच्या भिंतीपासून सुटण्याबाबतची. ताजं रक्त सोनोग्राफीत वारेसारख्याच रंगाचं दिसतं, त्यामुळे मागे साठलेलं रक्त सहज नजरेतून निसटतं. कधी ते बाहेर येतच नाही. पोट दगडासारखं कडक, न थांबणारी कळ, रक्तस्राव किंवा बाळाची हालचाल मंदावलेली, यातलं काहीही असेल तर सकाळचा ‘नॉर्मल’ रिपोर्ट फाइलमध्येच राहू द्या आणि थेट लेबर रूम गाठा.