रात्री दही खायचंच असेल तर

‘रात्री दही नको, सर्दी होईल’ एवढंच आपण घरी ऐकलेलं असतं. आयुर्वेदाचा जुना ग्रंथ असलेल्या चरकसंहितेत, सूत्रस्थान या पहिल्या भागाच्या ७व्या अध्यायात मात्र नियम जरा लांब आहे. ‘न नक्तं दधि भुञ्जीत’, म्हणजे रात्री दही खाऊ नये. पण त्याला लागूनच सांगितलंय की तूप-साखर, मुगाचं कढण, मध किंवा आवळा सोबत नसेल तर दही खाऊ नये, आणि गरम तर मुळीच नको. म्हणजे भर दुपारी नुसतं वाटीभर दही ओरपणंही चरकांना मान्य नाही!

कारण असं, की दही जिभेला गार लागलं तरी आयुर्वेद त्याला उष्ण, पचायला जड आणि अभिष्यंदी मानतो. अभिष्यंदी म्हणजे बुळबुळीतपणाने शरीरातले मार्ग तुंबवणारं.

तरी जेवणात दह्याशिवाय ज्यांचं भागत नाही, त्यांनी असं करावं.

आधी दही तपासा. वाटी कलती करा. दही कवडीसारखं घट्ट राहिलं तर ठीक. कडेने दुधाळ पाणी ओघळलं, चव गोडसर लागली, तर ते अधमुरं आहे. अनेकांना तेच आवडतं (मलाही), पण ग्रंथात त्याला ‘मंदक’ म्हणतात आणि ते वात, पित्त, कफ हे तिन्ही दोष वाढवतं. ते रात्री नकोच, सकाळपर्यंत लागू द्या.

मग त्याचं ताक करा. खरी युक्ती हीच. वाटीभर दह्यात पाव वाटी पाणी घाला, रवीने चांगलं घुसळा आणि वर आलेलं लोणी काढून घ्या. चमच्याने ढवळलेलं दही म्हणजे ताक नव्हे. घुसळून, लोणी काढल्यावर ते हलकं होतं आणि भूक वाढवतं. त्यात भाजलेल्या जिऱ्याची पूड, किसलेलं आलं, चिमूटभर हिंग आणि सैंधव घाला. फार पातळ हवं असेल तर पाणी नंतर वाढवा.

दहीभात करायचा असेल, तर भात परातीत पसरून पूर्ण निवू द्या. वाफाळत्या भातावर दही कालवायची आपली सवय ‘गरम नको’ या नियमात थेट अडकते. वरून तुपाची जिऱ्याची फोडणी द्या, साखर चिमूटभर. मधुमेह असेल तर साखर वगळा, सोबत मुगाचं कढण घ्या. आणि जेवून लगेच अंथरूण गाठू नका.

ऋतू बघा. शरद, ग्रीष्म आणि वसंतात दही टाळायला सांगितलंय. गंमत म्हणजे एप्रिल-मे महिन्यांतच आपल्याकडे दह्याची सगळ्यात जास्त चंगळ असते. तेव्हा रात्री ताकच बरं.

सर्दी-खोकला, अंगावर सूज किंवा आम्लपित्त असेल तर रात्री हा खटाटोपही नको; औषध चालू असल्यास वैद्यांना विचारा.

उरलेलं दही सकाळी आंबट होईल. त्याचं ताक करून, बेसन लावून दुपारी कढी करा. मंद आचेवर सतत ढवळत राहा, नाहीतर फुटेल.