कॅनडाला निघण्यापूर्वी: इंग्रजीच्या वर्गाची तयारी

नवी पेठेत स्पोकन इंग्लिशचा क्लास पाटी वाचून सापडतो. कॅनडात तो आपल्या हातातील कागदावरून ठरतो, म्हणून सोलापुरातून निघणाऱ्याने तयारीची सुरुवात कागदांपासूनच करावी. स्थायी रहिवासी म्हणून जाणाऱ्या प्रौढांसाठी तेथील केंद्र सरकारच्या खर्चाने १९९२ पासून ‘लिंक’ नावाचे वर्ग चालतात आणि त्यांना फी नसते. त्यामुळे स्थायी रहिवासाचे मंजुरीपत्र व पासपोर्ट यांच्या दोन-दोन प्रती बॅगेत न टाकता हातातील फोल्डरमध्ये ठेवाव्यात. नातवंडांना भेटायला व्हिजिटर व्हिसावर जाणाऱ्या आजी-आजोबांना हे वर्ग मिळत नाहीत. त्यांनी तेथील सार्वजनिक ग्रंथालयात संभाषण-गट भरतो का, एवढेच विचारावे.

मुलाने किंवा जावयाने घर ठरवले की त्याचा पोस्टल कोड मागून घ्यावा, कारण केंद्र सरकारच्या इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर तो कोड टाकल्यावर नवागतांना मदत करणाऱ्या जवळच्या संस्था दिसतात. त्यांपैकी दोन संस्थांचे फोन नंबर वहीत उतरवावेत. मोबाइलवर विसंबू नये, तो नेमका विमानतळावर बंद पडतो. टोरांटोत सकाळचे नऊ वाजतात तेव्हा उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात झालेले असतात. तेव्हा चहा झाल्यावर येथूनच फोन करता येतो. तेथे पोहोचल्यावर २११ हा क्रमांक लावला तरी वर्गांची माहिती मिळते.

थेट वर्गात बसवत नाहीत. आधी बोलणे, ऐकणे, वाचणे व लिहिणे यांची चाचणी होते आणि तिच्यावरून पातळी ठरते. ही परीक्षा नापास होण्याची नव्हे, म्हणून पाठांतर करून जाऊ नये. पातळी खोटीच वर लागली तर पुढे वर्गात काही कळत नाही. फोनवर अडखळण्याची भीती असेल त्यांनी ‘आय वॉन्ट टू बुक अ लँग्वेज असेसमेंट’ हे वाक्य वहीत देवनागरीत मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावे. बाजारात मराठी, तेलुगू, कन्नड मिसळून बोलणाऱ्या सोलापूरकराला चौथी भाषा अवघड जाऊ नये, पण पूर्व भागातील तेलुगूभाषक घरांनी दुभाषी हवा असल्यास ‘तेलुगू’ असे स्पष्ट सांगावे. नुसते ‘इंडियन’ म्हटले की बहुधा हिंदीच गृहीत धरली जाते.

लहान मूल असेल तर वर्गाच्या वेळात पाळणाघराची सोय आहे का, हे पहिल्याच फोनमध्ये विचारावे. ती सर्व ठिकाणी नसते, आणि जेथे असते तेथे जागांसाठी थांबावे लागू शकते.