आरोला जाऊन एकाच मळ्याची वाइन कशी ओळखायची

माझं माहेर निफाड तालुक्यातलं, पक्क्या द्राक्षवाल्यांचं. नोकरीमुळे मी स्पेनमधल्या बिल्बाओत राहते, त्यामुळे गावाकडून कुणी युरोप फिरायला निघालं की दोन मुक्काम माझ्याकडे ठरलेले. एप्रिलची छाटणी उरकली की मे-जूनमध्ये ही मंडळी येतात आणि पहिल्याच चहाला विचारतात, "इथल्या वाइनवाल्यांची बाग दाखव ना एखादी." प्रत्येकाला फोनवर तेच ते सांगून झालंय, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते. दोन घोट घेऊन, फोटो काढून परत यायचं असेल तर कुठंही जा. बाग आणि बाटली यांचा संबंध कळून घ्यायचा असेल तर आरोला या.

आरो हे रिओहा प्रांतातलं गाव, बिल्बाओहून गाडीने तासाभरावर. स्पेलिंगमध्ये पुढं एच आहे, पण तो बोलायचा नाही. (पाण्याच्या फिल्टरचा विनोद सगळ्यांचा करून झालाय.) उतरायचं ते थेट रेल्वे स्टेशनच्या वस्तीत, बार्रिओ दे ला एस्तासिओनमध्ये. 1863 साली इथं रेल्वे आली. पुढं फ्रान्समधल्या मळ्यांची मुळं फायलोक्झेरा नावाच्या किडीनं खाऊन टाकली, तेव्हा बोर्दोचे व्यापारी वाइन शोधत या बाजूला आले. माझ्या काकांना बोर्दो म्हटलं की फवारणीचं बोर्डो मिश्रणच आठवतं, पण गाव तेच. माल थेट गाडीत चढावा म्हणून वाइनच्या वखारी स्टेशनाला चिकटूनच उभ्या राहिल्या. लोपेझ दे एरेदिया 1877 ची, कूने 1879 ची, ला रिओहा आल्ता 1890 ची. सगळ्या पायी फिरण्याच्या अंतरावर.

मी पाहुण्यांना लोपेझ दे एरेदियाकडे नेते. कारण सरळ आहे: कारभार अजून त्याच घराण्याच्या हातात आहे, आता चौथी पिढी, सख्खी भावंडं मिळून चालवतात. आणि हे लोक वाइन मळ्यागणिक वेगळ्या नावानं विकतात. मळे चार, नावं चार. तोंदोनिया हा सर्वांत मोठा, एब्रो नदीच्या वळणात, शंभर हेक्टरांहून जास्त, म्हणजे अडीचशे एकरांचा एकच तुकडा. लागवड 1913-14 ची. बाकीचे तीन मळे बोस्कोनिया, कुबियास आणि साकोनिया; कुबियासची वाइन कुबियो नावानं निघते, साकोनियाची ग्राबोनिया नावानं. आमच्याकडे आजोबांच्या बागेच्या तीन वाटण्या झाल्या, बांध पडले, विहिरीवरून भांडणं झाली. अडीचशे एकर इतक्या पिढ्या एकत्र राहिले हे ऐकून आमचे काका वाइनपेक्षा त्याच विषयावर जास्त वेळ बोलत होते.

आता मुद्द्याचं. एकाच मळ्याची वाइन म्हणजे जिचा सातबारा एकच, अशी वाइन. आत तेम्प्रानियो, गार्नाचा, ग्रासियानो, मासुएलो अशा चार जाती मिसळलेल्या असल्या तरी चालतं. तोंदोनियाच्या लाल वाइनमध्ये चारही असतात. जाती किती हे बघू नका, जमीन एक आहे का ते बघा. नवख्या माणसाचा हमखास इथंच घोळ होतो, कारण बाटलीवर सगळ्यांत ठळक जे शब्द असतात ते जमिनीबद्दल काहीच सांगत नाहीत. क्रियान्सा, रेसेर्व्हा, ग्रान रेसेर्व्हा हे शब्द फक्त मुरवण्याचा काळ सांगतात. रिओहात लाल क्रियान्साला किमान दोन वर्षं, त्यातलं एक लाकडी पिंपात. रेसेर्व्हाला तीन, त्यातलं एक पिंपात. ग्रान रेसेर्व्हाला पाच, त्यातली दोन पिंपात. बाटली उलटी फिरवून मागचं छोटं सरकारी लेबल बघा: क्रियान्साचं लाल, रेसेर्व्हाचं गर्द मरून, ग्रान रेसेर्व्हाचं निळं, मुरवण्याची अट नसलेलं हिरवं. चष्मा घरी राहिला असेल तरी रंगावरून कळतं.

हे किमान आकडे आहेत, हेही ध्यानात ठेवा. तोंदोनियाची रेसेर्व्हा सहा वर्षं पिंपात असते. कुबियो क्रियान्सा म्हणून विकतात, तरी ती तीन वर्षं पिंपात काढते. म्हणजे एका घरची क्रियान्सा दुसऱ्या घरच्या रेसेर्व्हापेक्षा जास्त मुरलेली निघू शकते. नुसत्या त्या शब्दावरून पैसे मोजू नका.

मग जमीन कशावरून ओळखायची? लेबलवर 'विन्या' दिसलं की लोक खूश होतात, कारण विन्या म्हणजे द्राक्षमळा. पण पुष्कळ जुन्या घरांनी ते नाव ब्रँड म्हणून लावलंय. शेजारच्याच ला रिओहा आल्ताची विन्या आर्दान्सा घ्या. नाव एका संस्थापक कुटुंबाचं. तेम्प्रानियो येतं फुएनमायोर आणि सेनिसेरो या गावांकडून, गार्नाचा येतं दूर तुदेलियाकडच्या दगडगोट्यांच्या जमिनीतून. वाइन झकास आहे, मी स्वतः आवडीनं घेते, पण ती एका मळ्याची नव्हे. तोंदोनियात मात्र विन्या म्हणजे खरोखर तो मळाच. त्यामुळे कुठल्याही वाइनरीत गेलात तरी तीन प्रश्न विचाराच. या बाटलीतली सगळी द्राक्षं एकाच मळ्यातली का? मळा तुमचा की माल विकत घेता? लागवड कोणत्या सालची? पहिल्या प्रश्नाला उत्तर देताना समोरचा माणूस डोंगर, वारा, परंपरा यांवर बोलायला लागला तर उत्तर मिळालं असं समजा.

2017 पासून रिओहाच्या नियामक मंडळानं यासाठी वेगळा दर्जाच केलाय, विन्येदो सिंगुलार. त्याच्या अटी द्राक्षवाल्यांनी जरूर वाचाव्यात. वेली किमान 35 वर्षांच्या हव्यात. तोडणी हातानं. लाल द्राक्षांचं उत्पादन हेक्टरी 5,000 किलोच्या वर नको. म्हणजे एकरी दोन टन! आमच्याकडे खाण्याच्या द्राक्षाला एकरी दहा-बारा टन आले नाहीत तर घरात कुणी धड जेवत नाही, आणि बाग पंधरा वर्षांची झाली की ती उपटायची भाषा सुरू होते. हा आकडा सांगितला की आमची मंडळी आधी हसतात, मग मोबाइल काढून हिशोब मांडतात. मळ्याची वाइन महाग का, हे वेगळं समजावून द्यावं लागत नाही. लेबलवर हे दोन शब्द असले तर निर्धास्त घ्या. नसले म्हणून बाद करू नका. हा दर्जा निघण्याच्या कितीतरी आधीपासून लोक एका मळ्याची वाइन करत आलेत.

क्रम असा ठेवा: आधी मळा, मग वखार, शेवटी ग्लास. मळ्यात सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर तोडणी असते, पण तेव्हा सगळे घाईत. मे-जूनमध्ये फुलोरा असतो. बागेत उभं राहून बोलायला तोच काळ चांगला. पहिली गोष्ट खटकेल ती म्हणजे मंडप नाही. तारा नाहीत, वाय आकाराचा सांगाडा नाही, बांबू नाही. गुडघा-मांडीएवढं जाडजूड खोड, त्यातून चहूकडे निघालेले चार-पाच हात, आणि वेल स्वतःच्याच ताकदीवर उभी. काका वाकून खोडाला हात लावून म्हणाले, "अगं, हिला बांधायचंच विसरले का काय?" जमीन चिकणमाती, तिच्यात चुनखडी भरपूर. वर उत्तरेला सिएरा दे कांताब्रियाची रांग समुद्राकडचा थंड, ओला वारा अडवते. खोडाच्या बुडाशी कलमाचा सांधा शोधा. अमेरिकन खुंटावर स्पॅनिश डोळा. आपण डॉगरीज जातीचा खुंट वापरतो तो खारवट जमीन आणि पाण्याची टंचाई सोसावी म्हणून, इथं खुंट आला तो फायलोक्झेरापासून मुळं वाचवण्यासाठी. छाटणी वर्षातून एकदाच, हिवाळ्यात, वेल झोपलेली असताना. आपल्याकडे वेल झोपतच नाही, म्हणून दोनदा छाटून तिला वळणावर आणावं लागतं.

वखारीसाठी आधी बुकिंग करा. दार वाजवून आत घेत नाहीत. दौरा कोणत्या भाषेत हवा तेही तेव्हाच ठरवा. दारातच वास्तुकार झाहा हदीदनं आखलेली काचपात्राच्या आकाराची इमारत लागेल. तिच्या पोटात 1910 च्या ब्रसेल्सच्या जागतिक प्रदर्शनासाठी केलेला कुटुंबाचा जुना लाकडी स्टॉल बसवलाय. फोटो काढा आणि पुढं चला, खरी मजा खाली तळघरात आहे.

तळघरात पिंपांवर, भिंतींवर काळी बुरशी आणि जळमटं लोंबताना दिसतील. स्वच्छतेची आवड असणाऱ्या आमच्या आत्यानं पदर नाकाला लावला होता. ती जळमटं मुद्दाम ठेवलेली आहेत: बुचं पोखरणारे पतंग कोळी खातात. पिंपं 225 लिटरची, लाकूड अमेरिकन ओकचं, आणि ती बनवायला-दुरुस्त करायला घरचेच सुतार. सुतारखाना दाखवतात का ते विचारा, चुकवू नका. दर काही महिन्यांनी वाइन एका पिंपातून दुसऱ्यात काढून खालचा गाळ मागे ठेवतात. शेवटी ती नितळ करायला अंड्याचा पांढरा बलक घालतात. शुद्ध शाकाहारी पाहुणे असतील तर हे चव घेण्याआधी सांगा, नंतर सांगून घरात वाद लावू नका.

चव घेताना पांढरी टाळू नका. आपले लोक हटकून लालकडे वळतात, पण या घराचं खरं वैशिष्ट्य पांढऱ्यात आहे. ग्राबोनिया घ्या: फक्त व्हिउरा जातीची, चार वर्षं पिंपात, पुढं बाटलीत. रंग सोनेरी, वास बदाम-अक्रोड, मेण आणि मधाकडे झुकणारा. ताज्या फळाचा वास शोधायला गेलात तर 'ही उतरली का?' असं वाटेल. उतरलेली नाही, ती अशीच असते. खराब बाटलीची खूण वेगळी: पावसात भिजलेल्या पुठ्ठ्याचा कुबट वास. तो आला तर संकोच न करता परत करा. लाल तोंदोनिया ग्लास तिरका धरून पांढऱ्या कागदावर बघा. कडेला विटकरी झाक दिसते, तरुण वाइनचा जांभळा रंग गेलेला असतो. आंबटपणा चांगलाच असतो. तोच तिला इतकी वर्षं टिकवतो.

दुपारी जेवायला तिथंच थांबा आणि वेलीच्या काड्यांवर भाजलेल्या कोकराच्या बरगड्या मागवा. छाटणीच्या वाळल्या काड्यांची आग भर्रकन पेटते आणि लगेच निखारा होतो, त्यावर मीठ लावलेलं मांस मिनिटांत होतं. आमच्या बागेत त्याच काड्यांचे ढीग बांधावर नुसते जळून जातात.

29 जूनला मात्र आरोला येताना जुने पांढरे कपडे घालून या. त्या दिवशी गावाबाहेरच्या कड्याखाली हजारो लोक एकमेकांवर लाल वाइन ओततात, बादल्यांनी आणि फवारणीच्या पाठीवरच्या पंपांनीसुद्धा. वखारी बघायला तो दिवस कामाचा नाही.

बाटल्या भारतात न्यायच्या तर माणशी दोन लिटरपर्यंत दारू शुल्काविना नेता येते, म्हणजे 750 मिलीच्या दोन बाटल्या, तिसरी नको. मोठ्या बॅगेत, कपड्यांत गुंडाळून, मधोमध ठेवा. घरी फ्रिजच्या वर किंवा स्वयंपाकघरातल्या माळ्यावर ठेवू नका, नाशिकच्या एप्रिलमध्ये महिनाभरात वाट लागेल. खालच्या मजल्यावरचं अंधारं कपाट बरं. बाटली आडवी, म्हणजे बूच ओलं राहतं.

उघडण्याच्या आदल्या दिवशी बाटली उभी करा, गाळ बुडाशी बसतो. जुनं बूच ठिसूळ असतं. मळसूत्र सरळ मधोमध, पूर्ण आत, मग सावकाश ओढा. घाईनं अर्ध्यावर ओढलं की बूच मोडून निम्मं आत राहतं. तसं झालंच तर चहाची बारीक गाळणी आहे की. लाल वाइन आपल्याकडच्या खोलीच्या तापमानाला देऊ नका. फ्रिजमध्ये अर्धा-पाऊण तास ठेवून 16-18 अंशांवर आणा. पांढरी उलट फार गार नको, 12-14 अंश पुरे, नाहीतर वासच येणार नाही. ग्लास तिसरा हिस्सा भरा. जुन्या लालला तासभर हवा बस झाली, पांढरीला जास्त वेळ दिला तरी खुलत जाते.

सोबत काय? काळ्या मसाल्याचं झणझणीत मटण असेल तर ही वाइन उघडूच नका. तिखटापुढं तिचा नाजूकपणा जातो आणि तिखट अजून चढतं. कोल्हापुरी पांढरा रस्सा आणि ग्राबोनिया मात्र करून बघा, काजू-खसखशीशी तिचा बदामी वास छान जुळतो. लाल तोंदोनियाला कमी तिखटाचं, मिरी-खोबऱ्यातलं सुकं मटण.

उरली तर बूच लावून फ्रिजमध्ये. लाल दोन-तीन दिवसांत संपवा, पांढरी त्याहून जास्त टिकते. उरलेली भाजीत ओतायचा मोह आवरा, त्या कामाला नाशिकची साधी बाटली मिळते.