धान्य बँकेत परतफेड भरताना: आधी दाणा तपासा, मग पायली उचला

भात-नागलीची (नाचणीची) मळणी उरकली की डोंगरातल्या पाड्यांवर धान्य बँकेची, म्हणजे उसनं धान्य देणाऱ्या गावच्या सामाईक साठ्याची, परतफेड सुरू होते. आषाढ-श्रावणात नेलेलं धान्य आता फेडायचं; ठराव सवाईचा असेल तर चार पायल्यांना पाच (पायली म्हणजे धान्य मोजायचं माप). १९९६-९७ साली केंद्राने आदिवासी भागासाठी अशा बँकांची योजना आणली, पण कणगीतून (धान्य साठवायच्या मोठ्या टोपलीतून) उसनं देण्याघेण्याची रीत त्याहून कितीतरी जुनी.

जुन्या माणसांचे नेम पाळा. पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणायचं आणि माप चालू असताना मध्ये कुणी बोलायचं नाही. शिकल्यासवरल्या पोरांना हसू येतं. पण गप्पांच्या नादात एक पायली इकडची तिकडे झाली की वर्षभराचं भांडण लागतं, हे त्यांनी अजून पाहिलेलं नसतं. पायली मात्र देताना-घेताना एकच हवी. दिलं सपाट आणि घेतलं शिगेने (काठावर रास करून), तर ती चोरटी व्याजवाढच. सपाट की शिगोशीग, हे वहीत आधीच लिहा.

खरा घात ओल्या पोत्याने होतो. एकाच्या आळसापायी सगळ्यांच्या दाण्याला बुरशी लागते. म्हणून प्रत्येक पोतं तपासा. कोरड्या काचेच्या बाटलीत मूठभर धान्य आणि चमचाभर कोरडं मीठ घालून मिनिटभर हलवा, मग थोडा वेळ ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओल १५ टक्क्यांच्या वर आहे. पोतं परत पाठवा, मालक सरपंच असला तरी. चिकटलं नाही तरी आणखी दोन-तीन उन्हं द्याच, कारण साठवणीला ओल १२ टक्क्यांच्या आसपास हवी. उन्हातलं गरम धान्य तसंच भरू नका. सावलीत निवू द्या.

कणगी शेणामातीने सारवून पूर्ण वाळवा, जमिनीपासून उंच आणि भिंतीपासून हातभर लांब ठेवा. भाताला सोंडे आणि पतंग लवकर लागतात, म्हणून वाटपात भात आधी काढा. नागली नीट सुकवली तर वर्षानुवर्षं टिकते. ती अडीअडचणीला राखून ठेवा. जुन्यावर नवं ओतू नका. बियाणं वेगळं ठेवा, ते उसनं द्यायचं नाही.

बँक बहुतेक वेळा कुणाच्या तरी घरातच असते. तिथे धुरीच्या विषारी गोळ्या अजिबात ठेवू नका. त्यांच्या वायूने झोपेत माणसं दगावतात. दर पंधरवड्याला कणगीत कोपरापर्यंत हात घालून पाहा. आत ऊब लागली तर त्याच दिवशी धान्य बाहेर काढून उन्हात पसरा.