व्हिक्टोरियाकालीन छायाचित्रांतील खुणा कशा वाचाव्यात

सोलापुरातील जुन्या वाड्यांच्या माळ्यावर पुठ्ठ्याला चिकटवलेली तपकिरी छायाचित्रे अजूनही सापडतात. त्यांचा अर्थ लावायचा असेल, तर चेहऱ्याआधी पाठ पाहावी. पुठ्ठा साधारण ६ बाय १० सेंटिमीटरचा असल्यास ते बहुधा ‘कार्त द व्हिझित’, म्हणजे भेटकार्डाच्या आकाराचे छायाचित्र, असते. या प्रकाराचे पेटंट पॅरिसचा छायाचित्रकार दिस्देरी याने १८५४ मध्ये घेतले. पाठीवर स्टुडिओचा शिक्का असेल तर तो टिपून घ्यावा, कारण समोरचा खांब, कठडा आणि झालरीचा पडदा हे सहसा स्टुडिओचेच सामान असते आणि त्यावरून घराण्याच्या ऐपतीचा अंदाज बांधता येत नाही.

सर्वाधिक गफलत रंगामुळे होते. त्या काळी छायाचित्र ज्या काचेवर घेत, त्या कोलोडियन नावाच्या द्रवाचा थर दिलेल्या काचेला निळा रंग चटकन उमटे, तांबडा जवळजवळ उमटतच नसे. त्यामुळे निळे वस्त्र पांढुरके आणि तांबडे काळे दिसते. १८६१ मध्ये पती अल्बर्ट वारल्यानंतर व्हिक्टोरिया राणीने १९०१ पर्यंत, म्हणजे अखेरपर्यंत, काळा पोशाख सोडला नाही, आणि इंग्लंडमधील छायाचित्रांत काळा झगा व काळ्या जेट खड्यांचे दागिने दिसले की सुतकाचा विचार करणे रास्तच आहे. तोच नियम आपल्याकडे लावला, तर तांबडे लुगडे नेसलेली नववधू आणि तांबडे आलवण नेसलेली विधवा, दोघीही सारख्याच काळ्या वस्त्रात दिसतील. म्हणून भिंग घेऊन कपाळ, गळा आणि मनगट पाहावे. कुंकू असेल तर काळसर ठिपका दिसतो. मात्र तो कागदावर आहे की नंतर कोणी तसबिरीच्या काचेवर बोट टेकवून लावलेला आहे, हे चौकट तिरपी धरून तपासावे, कारण काचेवरचे कुंकू त्या बाईच्या मृत्यूनंतरचेही असू शकते.

गळ्यातील डबीचेही असेच आहे. इंग्रज बाईच्या लॉकेटमध्ये मृत आप्ताच्या केसांची बट असू शकते. सोलापूरच्या लिंगायत गृहस्थाच्या छातीवरची चांदीची डबी मात्र इष्टलिंगाची, म्हणजे अंगावर धारण करायच्या लहान शिवलिंगाची, असते. तिचा शोकाशी काही संबंध नाही.

चेहऱ्यावर हसू नाही, एवढ्यावरून दुःख ठरवू नये; गंभीर बसणे हीच रीत होती. पायांमागे लोखंडी स्टँडचा पाया दिसला की ‘हे प्रेताचे छायाचित्र’ असे हल्ली छातीठोकपणे सांगितले जाते, पण तो स्टँड जिवंत माणसाचे डोके स्थिर ठेवण्यापुरता असे. प्रेताचा भार त्याला पेलणारच नाही. मांडीवरचे पुस्तक, घड्याळाची साखळी यांबाबत घाई करू नये. ती वस्तू त्याच माणसाच्या दुसऱ्या छायाचित्रात, वेगळ्या स्टुडिओत पुन्हा दिसली, तरच ती त्याची स्वतःची धरावी.

घरातील वडीलधाऱ्यांना विचारताना आपला तर्क आधी सांगू नये, नाहीतर त्यांची आठवण त्याच दिशेने वळते. मिळालेले उत्तर पुठ्ठ्यावर न लिहिता वेगळ्या पाकिटावर पेन्सिलीने लिहून ठेवावे.